स्वमत

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखालचा शेवटचा प्रश्न ‘स्वमत’ असायचा. उताऱ्यातल्या अमुक विचाराबद्दल तुमचं मत लिहा. मी ते मत पाठ केलं होतं. गाईडात प्रत्येक धड्याचं स्वमत तयार मिळायचं, आठ-दहा ओळींचं, शेवटी ‘म्हणूनच मला असे वाटते की’ जोडलेलं. आमच्या अख्ख्या तुकडीला तेच वाटायचं. कवितेचं रसग्रहण त्याहून सोपं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशी तीन खोकी, आणि कुठल्या खोक्यात कुठली वाक्यं टाकायची ते ठरलेलं. कवी कुठलाही असो, त्यानं ‘अत्यंत समर्पक शब्दांत’ काहीतरी ‘अधोरेखित’ केलेलं असायचंच. मला मराठीत ९१ पडले. अण्णांनी गावात पेढे वाटले आणि घरात ठरून गेलं की पोरीचं मराठी चांगलं आहे.

पुण्यात एम.ए.ला आले ती हीच शिदोरी बांधून.

पहिल्या सत्रात एका विषयाला मॅडमनी लेखी चाचणीऐवजी वही ठेवली. शंभरपानी, साधी. दर आठवड्याला एक पान, असे बारा प्रतिसाद. कधी निबंध, कधी गाणं, कधी ‘आपल्यात असंच असतं’ म्हणून घरोघरी सांगितली जाणारी एखादी गोष्ट. वाचायचं किंवा ऐकायचं आणि आपल्याला काय झालं ते लिहायचं. अंतर्गत गुणांतले वीस त्याला. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक यादी लिहिली: समर्पक, मार्मिक, हृदयस्पर्शी, अप्रतिम, मनाला चटका लावून जाते, समाजाला आरसा दाखवते, अधोरेखित. हे शब्द वहीत दिसले की पान परत. वर्गात हशा पिकला. मी हसले नाही, कारण फळ्यावर माझं सगळं भांडवल मांडून ठेवलेलं होतं.

पहिला निबंध होता इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’. त्या पंढरीच्या वारीत चालल्या होत्या, त्याचं लेखन. मी मनात म्हटलं, हा तर आपल्या घरचा विषय. आमचं गाव लोणंद आणि तरडगावच्या मधे, माउलींच्या पालखीच्या रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण मी अण्णांच्या खांद्यावर बसून पाहिलंय. दर वर्षी आमच्याकडे एक दिंडी दुपारच्या जेवणाला असते. आदल्या रात्री आजी, आई, चुलत्या, शेजारणी मिळून भाकऱ्या थापतात आणि मोठ्या पातेल्यात पिठलं घाटतात. २०२० साली करोनामुळे पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या, तेव्हा आमचा रस्ता ऐन वारीच्या दिवसांत रिकामा पाहिला आणि आजी दिवसभर दारात बसून होती. मला वारी कोणी काय सांगणार?

तर मी निबंध रात्री अकराला उघडला, पाच-सहा पानं चाळली आणि झोपायच्या आधी प्रतिसाद लिहून टाकला. बंदी घातलेले शब्द टाळले, एवढी हुशारी केली. पहिलं वाक्य असं: ‘प्रस्तुत निबंधात लेखिकेने वारीतील समतेचे विलोभनीय दर्शन घडवले आहे.’

वही परत आली. मॅडम हिरव्या शाईनं लिहायच्या. त्या वाक्याखाली एक रेघ आणि शेजारी: ‘समता कुठल्या पानावर?’

मी पान शोधायला बसले. या वेळी पहिल्या ओळीपासून. आणि मला घाम फुटला. बाई वारीतल्या प्रेमाबद्दल, सोबतीबद्दल, गाण्याबद्दल भरभरून लिहितात, पण समतेबद्दल त्यांनी लिहिलंय ते उलटंच. दिंड्या जातींच्या. ब्राह्मणांचा स्वयंपाक वेगळा, मराठ्यांचा वेगळा. दिवसभर ज्यांच्याबरोबर चालायचं, एकच अभंग म्हणायचे, त्यांच्या पंगतीला मात्र बसायचं नाही. एकत्र चालणं नि एकत्र गाणं हे फक्त परलोकातल्या एकीसाठी आणि या लोकातला वेगळेपणा तसाच ठेवायचा, असं आहे का, हा प्रश्न त्यांना चालताना सोडत नाही. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या सगळे सांगतात. मलाही तेवढीच माहीत होती, तीही कुणाच्या तरी भाषणातून. त्याच निबंधात ही टोचणी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती म्हणा, पुस्तक माझ्या उशाशी होतं.

मी न वाचलेल्या निबंधावर मत दिलं होतं. वारीबद्दल जे म्हणायची रीत आहे ते म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आजीला फोन लावला. विचारायचं काय ते नीट ठरवलं नव्हतं.

‘आजी, आपल्याकडं जेवायला येती ती दिंडी कुणाची?’

‘आपलीच की.’

‘आपली म्हंजे?’

‘आपल्यातली. लोकं आपलीच हायती. तुझ्या आज्याच्या बापापास्नं येत्यात.’

‘आन् बाकीची लोकं?’

‘बाकीच्यास्नी च्या दिला की समद्यास्नी. रस्त्याव.’ मग जरा थांबून, ‘का गं? मास्तरीण इचारती का?’

चहा रस्त्यावर, जेवण आत, घराच्या सोप्यात. इतकी वर्षं मी दोन्हीकडे वाढायला होते. रस्त्यावर कागदी कप आणि सोप्यात पत्रावळी मांडायची माणसंही तीच, आम्हीच. कुणी कुणाला ‘आत येऊ नका’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. म्हणावं लागतच नव्हतं.

मी पान पुन्हा लिहिलं. त्यात निबंधाबद्दल चारच वाक्यं होती, बाकी चहा आणि सोपा. मला वाटलं हे चुकलं, हे तर घरचंच सांगत बसले. मॅडमनी कुठेही रेघ मारली नाही. शेवटी फक्त एक शब्द: ‘पुढे?’

तो ‘पुढे?’ मला तेव्हा अजिबात आवडला नव्हता. आता पुढे काय, दिंडी बंद करू?

मधल्या चार-पाच प्रतिसादांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक ललित निबंध होता, पावसावरचा, तो मला आवडलाच नाही, आणि आवडला नाही हे लिहायला मी घाबरले, म्हणून ते पान मिळमिळीत झालं. एकदा कंटाळा आला म्हणून मोबाईलमधल्या एआयला प्रतिसाद लिहायला सांगितलं. त्यानं क्षणात लिहिला, आणि वाचून मला हसू आलं, कारण त्यानं हुबेहूब गाईड लिहिलं होतं. ‘समतोल’, ‘वैश्विक’ वगैरे शब्द वरून पेरलेले, एवढाच फरक. ते मी वहीत उतरवलं नाही. सचोटी वगैरे काही नव्हती त्यात, ओळखू येईल ही भीती होती.

सातवा प्रतिसाद गाण्यावर होता. मॅडमनी सांगितलं, जे गाणं तुम्ही कधी मन लावून ऐकलं नाही, पण ज्याच्या आवाजातून रोज जाता, असं निवडा. मी १४ एप्रिलच्या मिरवणुकीतली गाणी निवडली आणि बिनधास्त लिहिलं की डीजेवर काहीच कळत नाही, नुसता ढणढणाट असतो, छातीत धडधडतं. वर्गात काही पानं मोठ्यानं वाचायची असत. माझ्यानंतर नांदेड जिल्ह्यातल्या एका मुलाची पाळी आली आणि त्यानंही भीमगीतंच घेतली होती.

त्यानं भीमगीतं लिहिणाऱ्या-गाणाऱ्या वामनदादा कर्डकांबद्दल लिहिलं होतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ चा जन्म, लिहा-वाचायला शिकले ते मोठेपणी, आणि गेले २००४ साली. हे त्यानं दोन ओळींत उरकलं. मग आईबद्दल. आई कापूस वेचायला जायची, शाळेत एक दिवस गेली नव्हती, पण तिला दादांची गाणी इतकी पाठ की सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक गाणं पुरायचं आणि वळताना दुसरं लागायचं. चवदार तळं, दीक्षाभूमी, घटना हे सगळं त्याला पुस्तकात भेटायच्या आधी सरीत भेटलं होतं. त्याचं शेवटचं वाक्य मला जसंच्या तसं आठवत नाही, पण मतलब असा की वर्षभर हे गाणं हळू आवाजात चालतं, एक दिवस ते मोठ्यानं वाजतं, आणि तुम्हाला तेवढा एकच दिवस ऐकू येतं.

माझ्याकडे बघून म्हणाला नाही. गरज नव्हती. संध्याकाळी खोलीवर कानात हेडफोन घालून मी ती गाणी लावली. पेटी-ढोलकीवरची, जुन्या ध्वनिमुद्रणातली. शब्द ऐकू यायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली: त्यात युक्तिवाद आहे. नुसतं गुणगान मी गृहीत धरलं होतं. पण गाणारा विचारतोय, हिशोब मागतोय, समोरच्याला कोपऱ्यात धरतोय. आमच्याकडची देवाची गाणी अशी भांडत नाहीत. म्हणजे भांडतात, तुकोबा भांडतातच, पण आम्ही ती भांडणं टाळावर घोळवून गोड करून घेतली आहेत. तरी डीजेचा आवाज मला सोसत नाहीच, आणि तेही मी वहीत लिहिलं. मॅडमनी शेजारी बरोबरची खूण केली.

नंतर पुन्हा कर्वेबाई. या वेळी ‘परिपूर्ती’. गोष्ट सगळ्यांना माहीत असते: एका सभेत बाईंची ओळख करून देतात, महर्षी कर्व्यांची सून, अमक्यांची पत्नी, असं सगळं, आणि बाईंना ती ओळख कुठेतरी अपुरी वाटते. मग रस्त्यानं जाताना शाळेतली पोरं आपसात कुजबुजतात की ती बघ आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि बाईंना वाटतं, आता पुरी झाली.

वर्गात खडाजंगी झाली. मुलींना राग आला होता. संशोधक बाई, आणि तिची पूर्णता मुलाच्या आईपणात? त्याच वर्षी सरकारनं नियम आणला होता की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. एकीनं तो नियम घेऊन इरावतीबाईंना धारेवर धरलं. दुसरी म्हणाली, म्हणजे शेवटी आईच झाली ना ओळख, मग बाई काय वेगळं म्हणाल्या? मी रागावलेल्यांत होते. तडाख्यात पान लिहिलं: मला हा निबंध मान्य नाही.

हिरवी शाई: ‘कुठलं वाक्य मान्य नाही?’

पुन्हा तोच खेळ. मी वाक्य शोधायला बसले, आणि मला अमान्य असलेलं वाक्य निबंधात सापडेना. ते वर्गातल्या भांडणात होतं. बाईंनी कुठे जगातल्या सगळ्या बायकांसाठी नियम केला नाहीये, आपल्याला त्या क्षणी काय वाटलं ते मिस्कीलपणे सांगितलंय. आणि दुसरी गोष्ट. याच बाईंनी १९५३ साली भारतभरच्या नातेसंबंधांच्या रचनेवर मोठा इंग्रजी ग्रंथ काढला. कोण कुणाला काय म्हणतो, कुठल्या प्रांतात मामाच्या मुलीशी लग्न चालतं नि कुठे चालत नाही, हे त्यांनी फिरून फिरून गोळा केलेलं. जी बाई नाती मोजण्यात तरबेज, ती स्वतःची ओळखही नात्यांतच मोजून बघते, एक कमी भरतं, ते शोधते. हे कळल्यावर राग थोडा उतरला. सगळा नाही. मला अजूनही वाटतं की त्या सभेत ‘यांनी हे हे काम केलंय’ असं म्हटलं असतं तर रस्त्यावरच्या पोरांनी तेवढं पुरं करायची वेळ आली नसती. पण आता मला माझं न पटणं नेमकं कुठे आहे ते दाखवता येत होतं. मी पान तसंच दिलं, अर्धं भांडण, अर्धी माघार.

दिवाळीच्या सुट्टीसाठी काम होतं घरातलं गाणं. आई-आजी-मावशी, कुणाचंही, पुस्तकातलं नको. तयारी म्हणून मॅडमनी जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह ऐकायला सांगितला होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखावर ओव्या जमवल्या, त्या आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. मी रात्री दोन तास त्यात हरवले. सीतेच्या वनवासाच्या, आईच्या, लेकीच्या, पावसाच्या, बाबासाहेबांच्या. आणि भावाच्या तर किती. भाऊ येतो, घोड्यावरून येतो, गाडीतून येतो, चोळी घेतो, बहिणीचा ऊर भरून येतो. मी ठरवून टाकलं, आजीकडून भावाच्या ओव्या घ्यायच्या. सोपं काम.

सोपं नव्हतं. मोबाईल पुढे धरला की आजीला एक आठवेना. ‘आसं तोंडानं येत न्हाई बाई. हात फिराया लागतो.’ जातं होतं, पडवीच्या कोपऱ्यात. गिरणी आल्यापासून त्याला लग्नाच्या हळदीपुरतं बोलावणं. वर्षानुवर्षं छिन्नीनं टाकी लावलेली नव्हती, त्यामुळे दळलं जाण्याची आशा शून्य. मी ते ओढून काढलं, पुसलं, खुंटा ठोकला, ओंजळभर बाजरी आणली. आजी पाय पसरून बसली, एक घास टाकला, खुंट्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘तूबी धर.’ म्हणून एका हातात मोबाईल आणि एका हातात खुंटा. ध्वनिमुद्रणात घरघर इतकी आहे की काही ठिकाणी शब्द ऐकूच येत नाहीत. ती बाजरी नुसती भरडली, नंतर कोंबड्यांना गेली.

पण ओव्या आल्या. विठ्ठलाच्या आल्या, लेकीच्या आल्या. मग भाऊ आला. दोन-तीन गोड ओव्या आणि मग, त्याच चालीत, आवाजात काही फरक नाही:

वळवाचा गं पाऊस । न्हाई पेरणी कामाचा
बंधु दिवाळीपुरता । न्हाई रोजच्या घामाचा

मी हात थांबवला. जातंही थांबलं. ‘ही कुणाची, आजी? तू केलीस?’

‘मी कशाला करू? जात्याव म्हनत्यात तशी.’ आणि पुन्हा फिरवायला लागली.

संध्याकाळी चुलीपाशी तिनं बाकीचं सांगितलं, तेही मी मागे लागले म्हणून. तिचे वडील गेले त्यानंतर भावानं तालुक्याला नेलं होतं. कचेरीत कागद होता, त्यावर अंगठा उठवला. येताना भावानं साडी घेतली, हिरवी, जरीच्या काठाची. बस्स. ‘मागायचं नसतं गं. हिस्सा घेतला की माहेर तुटतं. जमीन काय करायची, म्हातारपणी माहेराला जायाला नगं का?’ हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं, भाजीला मीठ किती ते सांगावं तसं. मी काही बोलले नाही, कारण मला तोवर दुसरंच आठवलं होतं.

हक्कसोडपत्र. मी ते पाहिलेलं होतं. आजीचं नव्हे, आत्याचं.

आजोबा गेल्यावर सातबाऱ्याला वारसांची नावं लागली. आजीचं, अण्णांचं, काकांचं आणि आत्याचंही. कायद्यानं लागतंच. मग काही महिन्यांनी आत्याला बोलावून घेतलं आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं. मी सोबत होते, आधारकार्डांच्या झेरॉक्स सांभाळायला. आत्याचा चष्मा घरी राहिला होता. बाहेर टपरीवर टाईप करून देणाऱ्यानं कागद हातात दिला आणि अण्णा म्हणाले, ‘तू वाचून दाखव तिला, तुझं मराठी चांगलं हाय.’

मी वाचला. खणखणीत आवाजात, वक्तृत्व स्पर्धेत वाचते तसा. बिनमोबदला हक्कसोडपत्र. लिहून देणार, लिहून घेणार. ‘सदरचे हक्कसोडपत्र मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, अक्कलहुशारीने लिहून देत आहे.’ आत्यानं मान हलवली. मला आठवतंय, मी ‘अक्कलहुशारीने’ला अडखळले आणि ती हसली. कागद टपरीवाल्याच्या संगणकात तयार होता, फक्त नावं आणि गट नंबर बदलायचे. त्या दिवशी तिथे अशा तीन-चार बहिणी होत्या, आणि सगळ्यांच्या कागदात त्यांची राजीखुशी आधीच टाईप झालेली होती.

परतताना अण्णांनी आत्याला साडी घेतली. तीही हिरवी होती का, ते मी लिहिताना खूप आठवून पाहिलं. आठवत नाही.

भाऊबीजेला आत्या आली, ओवाळलं, जेवलो, ती गेली. अण्णा वाईट माणूस नाहीत. आत्याच्या मुलाच्या शिक्षणाला त्यांनी पैसे दिलेत, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावलेत. ही बाजूही मी वहीत लिहिली. आणि हेही लिहिलं की मी पुण्यात राहून शिकते ती खोली, मेस, ही शंभरपानी वही, यातलं काही त्या जमिनीच्या उसातून येतं. आत्यानं सोडलेल्या भागातला ऊस कुठला आणि अण्णांच्या भागातला कुठला, ते कारखान्याच्या पावतीवर कळत नाही.

ते पान चार पानांचं झालं. आणि पहिल्यांदाच वही द्यायला मन होईना. हे घरातलं. गाणं द्यायला सांगितलं होतं, मी सातबारा दिला. दोन दिवस उशिरानं दिली. परत आली तेव्हा हिरवी शाई शोधली. कुठेच काही नव्हतं, शेवटी फक्त सही आणि तारीख. वर्गातही त्यांनी मला ते वाचायला सांगितलं नाही. तास संपल्यावर जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘आजीला वाचून दाखवलंत का?’ त्या सगळ्यांना अहो-जाहो करायच्या.

वीसपैकी सतरा पडले. पावसावरच्या त्या मिळमिळीत पानानं घालवले असणार.

संक्रांतीला गावी गेले तेव्हा दुपारी अण्णा मळ्यात आणि आई बाजाराला, असं बघून मी वही काढली. आजी लसूण सोलत होती. तिला वाचता येत नाही, पण ऐकायला आवडतं. हरिपाठ, पेपर, औषधाच्या बाटलीवरचं, काहीही. मी ओवीपासून सुरुवात केली. जातं, बाजरी, कोंबड्या, यावर ती हसली. तिच्या भावाचं आलं तेव्हा गप्प झाली. आत्याचं पान आलं तसं मी दोन परिच्छेद गाळले आणि पुढचं उचललं.

‘मधलं सोडलंस,’ ती म्हणाली.

‘नाही गं.’

‘बोट खाली सरकलं की तुझं.’

मग वाचलं. सगळं, टपरीसकट. ती ऐकत राहिली. संपल्यावर मला वाटलं, आता म्हणेल की घरचं बाहेर कशाला लिहिलंस.

‘त्या कागदात काय व्हतं म्हनलीस? खुशी?’

‘राजीखुशीने. कोणाच्याही दडपणाखाली न येता.’

‘आन् माझ्या?’

‘तुझ्याही असणार. सगळ्यांच्या तेच असतं.’

‘तिला तू वाचून तरी दावलास,’ आजी म्हणाली. ‘माझा कुनीच वाचला न्हाई. आता मिळंल का त्यो?’

नोंदवलेला दस्त असेल तर नक्कल मिळते, अर्ज करावा लागतो, एवढं मला त्या टपरीवरच्या दिवसामुळे ठाऊक होतं. दस्त क्रमांक पाहिजे, नाहीतर निदान वर्ष. आजीला इसवी सन सांगता येत नाही. तिनं हिशोब केला: बहात्तरचा दुष्काळ सरला, मग अण्णा झाले, ते रांगत होते तेव्हा वडील गेले, आणि पुढच्या सुगीत भावानं तालुक्याला नेलं. मी वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. वर्षाच्या रकान्यात लिहायला १९७४ निघालं, आणि अण्णा नक्की कधी रांगायला लागले त्यावर १९७५ सुद्धा. दोन्ही लिहून ठेवले आहेत.